छतावर सोलर, घरात वीजबचत आणि पेलवेल असा हप्ता: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

सिडकोतल्या एका लहान पतसंस्थेच्या कर्ज समितीवर मी काही वर्षं आहे. सोलरसाठी कर्ज मागायला येणाऱ्याला आम्ही पहिल्यांदा गेल्या महिन्याचं वीजबिल टेबलावर ठेवायला सांगतो. मग त्यावरचा बारा महिन्यांच्या युनिटचा आलेख बघत बोलणं सुरू होतं. त्या टेबलावर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे उत्तरांसह लिहिले आहेत. खर्चाचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचं कोटेशन थोडं कमी-जास्त निघेल, पण हिशेबाची रीत तीच राहील.

घरावर सोलर बसवायला खर्च किती येतो?

३ किलोवॅटच्या साध्या, बॅटरी नसलेल्या सिस्टिमला १ लाख ८० हजार धरून चला. पॅनेल कोणत्या कंपनीचं, सांगाडा किती उंच, गच्ची कितव्या मजल्यावर आणि वायर किती लांब न्यायची, यावर हा आकडा वीस-तीस हजारांनी इकडेतिकडे होतो. गच्चीवर वाळवणं घालता यावीत म्हणून उंच सांगाडा मागितलात तर लोखंडाचा खर्च वाढणारच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साहित्य आणि बसवणूक मिळून ठेका दिला तर तो एकूण ८.९ टक्क्यांच्या आसपास बसतो. कोटेशनवर अजून १३.८ टक्के दिसले तर लगेच विचारा. विचारायला लाजू नका, सात-आठ हजारांचा फरक आहे.

सबसिडी किती मिळते आणि कधी?

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही बसवलं तरी ७८,०००. त्यापुढे एक रुपयाही वाढत नाही.

सबसिडी हवी असेल तर पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेते त्यांना ‘डीसीआर पॅनेल’ म्हणतात. ती थोडी महाग असतात. कोटेशन भलतंच स्वस्त वाटलं तर पॅनेल डीसीआर आहे का, हे पहिलं तपासा.

पैसे मात्र आधी मिळत नाहीत. पॅनेल लागली, महावितरणचं नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) बसलं, तपासणी झाली, पोर्टलवर पूर्णतेचा दाखला निघाला, की मग रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात येते. पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

मग तोवर विक्रेत्याला पैसे कोणी द्यायचे?

माझ्या मते अडचणीचं मूळ हेच आहे. ऊन नाशिकमध्ये भरपूर आहे, योजना आहे, विक्रेतेही गल्लोगल्ली झालेत. गाडी अडते ती विक्रेत्याला पैसे देण्याच्या दिवसापासून सबसिडी खात्यात येईपर्यंतच्या काळात. ज्याच्या घरात दीड-पावणेदोन लाख पडून आहेत त्याला त्या काळाचं काहीच वाटत नाही. सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला किंवा पंचवटीत फुलांचं दुकान चालवणाऱ्याला तो डोंगरासारखा वाटतो. बहुतेक जण इथूनच परत फिरतात.

आम्ही यावर साधा तोडगा काढला. कर्जाचे दोन भाग मनात धरायचे. एक भाग सबसिडीएवढा. तो ‘पुलाचा’ भाग, सबसिडी आली की एकरकमी फिटतो. उरलेला भाग पाच वर्षांच्या हप्त्यांत. पहिले तीन महिने फक्त व्याज भरायचं, पूर्ण हप्ता लावायचा नाही.

आकड्यांत सांगतो. कोटेशन १,८०,०००. तुमच्या पदरचे १८,०००. कर्ज १,६२,०००. दहा टक्के व्याजाने पहिल्या तीन महिन्यांत दरमहा १,३५० रुपये व्याज. मग ७८,००० आले आणि कर्जात भरले. राहिले ८४,०००. त्याचा पाच वर्षांचा हप्ता १,७८५ रुपये. हीच सोय केली नसती आणि सुरुवातीपासून १,६२,००० वर हप्ता लावला असता, तर तो ३,४४२ रुपये बसला असता. या दोन आकड्यांमध्ये कितीतरी घरांचा ‘हो’ आणि ‘नको’ अडकलेला असतो. तुमची बँक किंवा पतसंस्था हे आपणहून सांगत नसेल तर तुम्ही मागा. अर्जातच तसं लिहा.

एक गोष्ट जपून करा. सबसिडी तुमच्या बँक खात्यात येते, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात येत नाही. आमच्याकडच्या एका सभासदाच्या खात्यात ७८,००० आले त्याच आठवड्यात घरात लग्न निघालं. पैसे मंडप-आचाऱ्यात गेले. माणूस सज्जन, बुडवणारा नव्हता, पण पुढची पाच वर्षं तो दुप्पट हप्ता भरतो आहे. तेव्हापासून आम्ही सबसिडीच्या रकमेचा चेक आधीच लिहून घेतो. लोकांना सुरुवातीला राग येतो, नंतर पटतं.

सरकारी बँक कमी व्याजात देते, मग पतसंस्थेकडे कशाला जायचं?

मिळत असेल तर सरकारी बँकेकडूनच घ्या. पतसंस्थेत बसूनही मी हेच सांगतो. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. त्याचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला (ती ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला) जोडलेला आहे, रेपो अधिक अर्धा टक्का. आम्ही एवढ्या कमी दराने देऊ शकत नाही. अर्ज ‘जनसमर्थ’ पोर्टलवरून होतो.

तरीही लोक आमच्याकडे येतात, कारण प्रत्येकाची कागदपत्रं बँकेला हवी तशी नसतात. कुणाचं उत्पन्न रोखीत असतं, तर कुणाचा सिबिल स्कोअर जुन्या मोबाइलच्या थकलेल्या हप्त्यामुळे पडलेला असतो. घर आईच्या नावावर आणि कमावता मुलगा, हेही नेहमीचंच. अशा ठिकाणी सहकारी बँक किंवा पतसंस्था माणसाला ओळखते, त्याची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, भरली जाते की नाही हे तिला ठाऊक असतं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये कामगारांच्या पगारदार पतसंस्था आहेत. तिथे हप्ता थेट पगारातून कापला जातो, त्यामुळे कर्ज लवकर मिळतं आणि थकतही नाही. तुमच्या कंपनीत अशी सोसायटी असेल तर पहिला फेरा तिथेच मारा.

नागरी सहकारी बँकांनाही या कर्जात रस असायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यांना ६० टक्के कर्जं अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे आधी कर्ज द्यायच्या ठरवून दिलेल्या कामांना, द्यावी लागतात आणि घरगुती सोलरसाठीचं १० लाखांपर्यंतचं कर्ज त्यात धरलं जातं. मॅनेजर “सोलरची स्कीम नाही आमच्याकडे” म्हणाले तर एवढं त्यांच्या कानावर जरूर घाला.

‘८ टक्के फ्लॅट’ म्हणजे स्वस्तच ना?

नाही. फ्लॅट दरात पाचही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर व्याज लागतं, तुम्ही निम्मं फेडलं असलं तरी. ८४,००० वर ८ टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज ३३,६०० होतं, हप्ता १,९६०. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, १० टक्क्यांनी तोच हप्ता १,७८५. ते ‘८ टक्के’ घटत्या शिल्लकेच्या भाषेत १४ टक्क्यांच्या आसपास जातात. दर विचारू नका, हप्ता किती आणि किती महिने ते विचारा आणि गुणाकार करा. प्रोसेसिंग फी, शेअर्सपोटी कापली जाणारी रक्कम आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड, हे तिन्ही लिहून घ्या. सबसिडी आली की मोठी रक्कम आधी भरायची असल्याने मुदतपूर्व फेडीचा दंड शून्यच असला पाहिजे.

माझं बिल ३०० युनिटचं आहे. ३ किलोवॅट बसवू का?

थांबा. आधी वर बघा, पंख्याकडे.

हे मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो. जुना पंखा ७५ वॅट खातो. दिवसात बारा तास फिरला तर ०.९ युनिट. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तेवढाच वारा ३० वॅटमध्ये देतो, म्हणजे ०.३६ युनिट. एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. सिडकोतल्या दोन मजली घरात चार पंखे असतात, म्हणजे ६४ युनिट. नाशिकची थंडी धरून पंखे नऊच महिने चालतात असं म्हणा, तरी वर्षाची सरासरी महिन्याला ४८ युनिट पडते. चार पंख्यांना साधारण १२,००० रुपये लागतात.

आता सोलरकडे या. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, महिन्याला १२०. म्हणजे २ किलोवॅटचे २४०. तुमच्या ३०० मधून पंख्यांचे ४८ गेले की २५२ उरतात. २ किलोवॅटमध्ये बिल जवळजवळ मिटलंच की! तिसरा किलोवॅट कशासाठी घ्यायचा?

शिवाय वीजदराची रचना अशी की पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुप्पट आणि ३०० च्या वर आणखी महाग. सोलर आधी तुमचे वरचे, महागडे युनिट खातं. तिसऱ्या किलोवॅटच्या वाट्याला खालचे स्वस्त युनिट येतात, आणि त्याला सबसिडीही १८,००० च. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटचा फायदा मोठा आणि तिसऱ्याचा बेताचा.

हिशेब मांडू. २ किलोवॅटचं कोटेशन १,३०,००० धरा, पंखे १२,०००, एकूण १,४२,०००. सबसिडी ६०,००० वजा, राहिले ८२,०००. पदरचे तेच १८,०००. कर्ज ६४,०००, पाच वर्षांचा हप्ता १,३६० रुपये. ३०० युनिटचं बिल स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून तीन हजारांच्या पुढे जातं. त्यातले बहुतेक वाचतात, स्थिर आकार तेवढा राहतो. म्हणजे हप्ता भरूनही पहिल्या महिन्यापासून हातात पैसे उरतात. आमच्या समितीचा नियम एका ओळीचा आहे: वाचणाऱ्या बिलापेक्षा हप्ता मोठा होत असेल तर कर्ज द्यायचं नाही, मुदत वाढवायची नाहीतर सिस्टिम लहान करायची.

पंखे आणि फ्रिज याच कर्जात घालता येतात. कोटेशन जोडलं की झालं. फ्रिज वीस वर्षांचा असेल आणि दिवसभर घरघरत असेल तर तोही बदला. नवा घेताना ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर तारे मोजता तसे ‘वर्षाला किती युनिट’ हा छापलेला आकडाही वाचा. खरी गोष्ट त्या आकड्यात असते.

आणि गिझरचं काय?

२ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, तेव्हा इथे शहरातही चार माणसांच्या घरात गिझर रोज दीड-दोन तास चालतो. बिलाच्या आलेखात तो उंचवटा स्पष्ट दिसतो. ऊन थेट पाण्यात साठवणारा सोलर वॉटर हीटर इथे सोलर पॅनेलपेक्षा कमी खर्चात काम करतो. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, त्याला नळाचंच पाणी द्या.

यंदा-पुढच्या वर्षी सिंहस्थ आहे, पाहुणे येतील. जास्त क्षमता घेऊन ठेवू का?

नको. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे महावितरणच्या लाइनमध्ये, जाते आणि तुमच्या खात्यात जमा राहते. पण ती जमा ३१ मार्चपर्यंतच चालते. आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटचा मोबदला तुम्ही भरता त्या दरापेक्षा खूप कमी मिळतो. कर्ज काढून ग्रिडला स्वस्तात वीज विकायचा धंदा परवडत नाही. पाहुण्यांच्या दोन महिन्यांसाठी पाच वर्षांचा हप्ता घेऊ नका. मुलाचं लग्न होऊन एसी येणार असेल, इलेक्ट्रिक स्कूटर ठरलेली असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथे अर्धा-एक किलोवॅट जास्त घेणं शहाणपणाचं आहे.

आमचं बिल १०० युनिटच्या आतच असतं. आम्ही काय करायचं?

मोठं कर्ज काढून सोलर घेऊ नका. तुमचे सगळे युनिट सर्वात स्वस्त दरातले आहेत, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

तुमच्यासाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना आहे, १ किलोवॅटची. केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर पडते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला स्वतःचे २,५०० रुपये भरायचे असतात, १०० युनिटच्या आतल्या इतर कुटुंबांना १०,००० आणि त्यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांना ५,०००. एवढी रक्कम बचत गटातल्या अंतर्गत कर्जातून सहज उभी राहते. आमच्या भागातल्या पापड करणाऱ्या एका काकू असं कर्ज विचारायला आल्या, तेव्हा बिलाची पुरचुंडी पदरातून काढून त्यांनी टेबलावर सरळ केली आणि म्हणाल्या, “हे बघा, कधी ऐंशीच्या वर गेलंय का?” खरंच गेलं नव्हतं. अशा घराला मोठं कर्ज गळ्यात मारणं हे पाप आहे असं मी मानतो.

वाड्यात राहतो, भाड्याच्या घरात राहतो, फ्लॅटमध्ये राहतो. जमेल का?

भाड्याच्या घरात नाही जमत. वीजजोडणी आणि छताचा हक्क, दोन्ही अर्जदाराचे असावे लागतात. तुम्ही पंख्यांचं छोटं कर्ज घ्या. घर बदललं तरी पंखे बरोबर येतात.

जुन्या नाशकात, रविवार कारंजा-भद्रकालीच्या बाजूला, अडचण वेगळी. वाडा पाच भावांच्या नावावर, छपराला पत्रे किंवा कौलं, शेजारी नवी चार मजली इमारत. पत्र्यावर पॅनेल बसतात, पण खालचं लाकूड तपासल्याशिवाय नाही. एक पॅनेल पंचवीस किलोच्या आसपास भरतं. आणि बाकीच्या वाटेकऱ्यांचं संमतिपत्र आधी, विक्रेत्याला आगाऊ रक्कम नंतर.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटी म्हणून एकत्र यावं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी गृहनिर्माण संस्थांना प्रति किलोवॅट १८,००० रुपये सबसिडी आहे. सर्वसाधारण सभेत ठराव, मग सहकारी बँकेचं संस्थेच्या नावे कर्ज. हप्ता मेंटेनन्समधून जातो आणि सामाईक वीजबिल घटतं. गंगापूर रोडच्या आणि इंदिरानगरच्या सोसायट्यांमध्ये अडतं ते एका वाक्यावर: “वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची आमची.” गच्ची संस्थेची असते. कागदावर ते आधी दाखवून द्या, मग कोटेशन मागवा.

वीज गेल्यावर सोलर चालतं का?

साधं, ग्रिडला जोडलेलं सोलर चालत नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ग्रिड बंद पडताच इन्व्हर्टरही बंद पडतो. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला आणि लाइट गेली की लोक रागाने फोन करतात, “ऊन पडलंय आणि पंखा बंद!” हे आधीच माहीत असू द्या. बॅटरीची हायब्रिड सिस्टिम मिळते, पण ती बरीच महाग आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. घरात आजारी माणूस, ऑक्सिजनचं मशीन असं काही नसेल तर त्यासाठी कर्ज वाढवू नका. घरातला जुना इन्व्हर्टर तसाच राहू द्या.

पावसाळ्यात आणि गारपिटीत काय होतं?

जून ते सप्टेंबर वीज कमी बनते. महिन्याला १२० ही वर्षाची सरासरी आहे. एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. जमा युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण मार्चअखेरीनंतर पाटी कोरी होते, म्हणून पावसाळ्यातली बिलं अगदी शून्य येतील असं धरू नका. हप्ता ठरवताना त्या चार महिन्यांचा विचार करा.

गारांची भीती नाशिककरांना द्राक्षांमुळे आहे. पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यांनी होते, त्यामुळे साध्या गारांनी ती फुटत नाहीत. लिंबाएवढ्या गारांची खात्री कोणी देणार नाही. घराच्या विम्यात पॅनेल नोंदवून घ्या, हप्ता फारसा वाढत नाही.

धूळ मात्र रोजची. बाजूला बांधकाम चालू असेल तर आठवड्याला धुवा. सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ पोछ्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

विक्रेता निवडताना काय बघायचं?

मी स्वतः चुकलो, म्हणून हे जरा सविस्तर.

आमच्या गच्चीवर सोलर बसलं नोव्हेंबरात. दुपारी बाराला पाहणी केली, सगळीकडे लख्ख ऊन. डिसेंबर उजाडला आणि साडेतीन वाजले की शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर आडवी येऊ लागली. दोनच पॅनेल, पण सगळी एका माळेत जोडलेली, त्यामुळे सगळ्यांची वीज खाली. मोबाइलवरच्या आलेखात दुपारची उतरण कड्यासारखी तुटलेली दिसायची. शेवटी सांगाडा चार फूट सरकवावा लागला, खर्च माझा. विक्रेत्याने सावलीचा विषयच काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार, अशा तीन वेळा स्वतः गच्चीवर उभे राहा. टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड, मोबाइलचा टॉवर बघा. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या लांबतात, हे ध्यानात ठेवा. १ किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते.

कोटेशनवर पॅनेलचं आणि इन्व्हर्टरचं मॉडेल लिहिलेलं असावं. पॅनेलची कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी, ती किती ते विचारा. अर्थिंग आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासूनचं संरक्षण यांचा खर्च आत धरलाय का, पाच वर्षं देखभाल कोण करणार, हेही. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असावा, नाहीतर सबसिडी नाही. आणि सगळी रक्कम आगाऊ कधीच देऊ नका. आम्ही कर्जाची रक्कम तीन टप्प्यांत थेट विक्रेत्याला देतो: साहित्य गच्चीवर पोचल्यावर, बसवून झाल्यावर आणि शेवटचा दहा टक्क्यांचा भाग नेट मीटर फिरू लागल्यावर. त्या शेवटच्या दहा टक्क्यांमुळे कामं पुरी होतात.

महावितरणची परवानगी फार वेळ खाते का?

पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी मंजुरी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. उशीर होतो तो बहुतेक वेळा नावांमुळे. बिल मयत वडिलांच्या नावावर, आधार मुलाचं, बँक खात्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं. कर्ज मागण्याआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. त्या एका कामाने पुढचे महिने वाचतात.

कर्जाला तारण आणि जामीनदार लागतो का?

पतसंस्थेत बहुधा दोन जामीनदार आणि बसवलेल्या सिस्टिमचं नजरगहाण, म्हणजे वस्तू तुमच्याकडेच राहते पण तारण संस्थेकडे असतं. कर्ज घ्यायचं तर सभासद व्हावं लागतं. घरात सोनं असेल आणि रक्कम लहान असेल तर सोनेतारण स्वस्त पडतं, पण पाच वर्षांसाठी मंगळसूत्र अडकवू नका, सबसिडी येईपर्यंतच्या पुलासाठी ते ठीक आहे.

भिशी लावून पंखे घेतलेत तर उत्तमच. लाख-दीड लाखाच्या सोलरसाठी भिशीच्या भरवशावर विक्रेत्याला शब्द देऊ नका. भिशी फुटली तर दाद मागायला जागा नसते.

पतसंस्थेत ठेव ठेवली तर ती अशा कर्जांसाठी वापरली जाते. ती सुरक्षित असते का?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. म्हणून ठेव ठेवण्याआधी ऑडिटचा वर्ग आणि थकबाकीचं प्रमाण वार्षिक अहवालात बघा, सभेला जा. तुमचे पैसे शेजारच्याच्या गच्चीवर उजेड पाडत असतील तर छान, पण आधी हिशेब बघा.

शेतातल्या मोटरसाठीही हेच कर्ज मिळेल का?

शेतीपंपाची वाट वेगळी आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींनी आधी तिथे अर्ज करावा. हे पान घरगुती सोलरचं आहे.

एकलहऱ्याला वीज बनतेच, मग मी कर्ज का काढू?

नाशिकरोडवरून दिसणाऱ्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या त्या चिमण्यांखाली २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि त्यांना लागणारा कोळसा रेल्वेने लांबून येतो. त्या धुराच्या बाजूला राहणाऱ्यांना मी ओळखतो, म्हणून छतावरचं प्रत्येक युनिट मला मोलाचं वाटतं. पण कर्ज काढायचं ते तुमचं बिल आणि हप्ता यांचा हिशेब जमला तरच. हवा स्वच्छ करण्याचं ओझं एकट्या कर्जदाराच्या डोक्यावर द्यायचं नसतं.

हप्ता थकला तर पॅनेल काढून नेतात का?

कायद्याने नजरगहाण मालावर हक्क असतो, पण गच्चीवरून उतरवलेल्या पॅनेलला बाजारात फारशी किंमत नसते आणि ते चालू राहिले तरच तुमचं बिल वाचून हप्ता निघतो, हे संस्थेलाही कळतं. नोकरी गेली, दवाखाना निघाला, तर हप्ता चुकण्याच्या आधी संस्थेत या. तीन हप्ते थकल्यावर खातं एनपीएमध्ये (थकीत कर्जांच्या यादीत) जातं आणि मग मुदत वाढवून देणं आमच्याही हातात फारसं राहत नाही. एक हप्ता थकण्याच्या आत आलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो. येताना ताजं वीजबिल घेऊन या, बोलणं तिथूनच सुरू करू.